ग्रंथपाल मॅडम, खुर्ची आमच्या बाजूला आणलीत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. लायब्ररीत येणाऱ्या पोरांना मात्र वाचताच कळेल कोणाबद्दल आहे ते.

लेकीला टाइप वन डायबिटीस निघाला, म्हणजे रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं तो, आणि आमचे सगळे नातेवाईक एका रात्रीत डॉक्टर झाले. त्यातल्याच एकाने एका ‘संशोधक’ डॉक्टरांचं चकचकीत पत्रक आणून दिलं. म्हणे इन्सुलिन कायमचं बंद करून देतात! खाली ठळक अक्षरात आंतरराष्ट्रीय शोधनिबंध, शेकडो सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांत दिलेले दाखले), एच-इंडेक्स अमुक. बायको म्हणाली, एकदा जाऊन तर बघू. मी ते पत्रक आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांपुढे ठेवलं, तर त्यांनी हातातही घेतलं नाही. “असल्या भानगडीत पडू नका,” म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. बरोबरच बोलले, पण घरी जाऊन मी बायकोला काय सांगायचं? आणखी एका मोठ्या माणसाने तर “तुम्हाला त्यातलं काय कळणार” असं तोंडावर ऐकवलं. सातपूरला कंपनीत मी क्वालिटीला आहे. टेस्ट सर्टिफिकेटवर शिक्का आहे म्हणून आम्ही माल पास करत नाही, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या घाणाचा नंबर, सळईवरच्या नंबराशी जुळवतो. मला कळलं असतं हो. कोणी नीट सांगायला हवं होतं.

शेजारच्या एमबीबीएसवाल्या पोराच्या ओळखीने तुमच्याकडे आलो. ‘फक्त विद्यार्थ्यांसाठी’ अशी पाटी दाखवून परत पाठवाल, अशी मनाची तयारी होती. तुम्ही पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलंत, उठलात, स्वतःची खुर्ची उचलून टेबलाच्या माझ्या बाजूला आणलीत आणि स्क्रीन दोघांना दिसेल अशी वळवलीत. बस, एवढंच. पण लेकीचं निदान झाल्यापासून टेबलाच्या माझ्या बाजूला कोणी येऊन बसलं नव्हतं, मॅडम. हे लिहितानाही घसा दाटून येतोय.

मग पुस्तकाच्या तारखेची जुनी चिठ्ठी उलटी करून तुम्ही पेन्सिलने आकडे उतरत्या क्रमाने मांडलेत. दहा पेपर असे, की प्रत्येकाचा दाखला निदान दहा पेपरांत दिलाय, तर एच-इंडेक्स दहा. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेली ही पद्धत. मोजायला सोपी आणि फुगवायलाही सोपी, हे तुमचेच शब्द. पत्रकातली बहुतेक सायटेशन्स एकाच पेपरची निघाली. त्यावर पन्नासेक नावं, आणि हे साहेब कुठेतरी मधे. उरलेल्यांत त्यांनी स्वतःच स्वतःचा दाखला दिलेला. लहान मुलांच्या डायबिटीसवर एकही पेपर नाही.

खरं वजन कसं असतं तेही दाखवलंत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २००४ चा लेख. दोघांचे फोटो शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! एवढासा लेख, आणि जगभर त्याचा दाखला देतात. कारण सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला डायबिटीस का गाठतो, याचा धागा त्या दोन फोटोंत आहे. मी आपला स्वतःच्या पोटाकडे बघत राहिलो.

लगेच मला आवरलंतही. आकडा लहान म्हणजे माणूस खोटा, असं समजू नका म्हणालात. जपानच्या हाशिमोटोंनी १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉइडवर जर्मनमध्ये निबंध लिहिला आणि ते गावी जाऊन दवाखाना चालवत बसले. कितीतरी वर्षं कोणी फारशी दखल घेतली नाही. आज त्या आजाराला त्यांचंच नाव आहे.

इन्सुलिनचं विचारलं तेव्हा “ते डॉक्टरांनाच विचारा, मी ग्रंथपाल आहे,” असं म्हणून तुम्ही त्याच चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून दिलात: पत्रकातली ‘बरी झालेली’ मुलं निदानानंतर किती महिन्यांनी तपासली? नव्या डॉक्टरांनी तो वाचला आणि हसले. इन्सुलिन सुरू झाल्यावर शरीरातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात, डोस एकदम खाली येतो. याला ते हनीमून फेज म्हणतात. काही महिन्यांनी, कधी वर्षभराने ती संपते. नेमक्या त्याच काळातले रिपोर्ट पत्रकावर छापलेले! बायकोने तिथेच विषय संपवला. लेक आता स्वतः इन्सुलिनचं पेन लावते आणि दप्तरात ग्लुकोजची पुडी ठेवते.

आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्यालाही कळू शकतं, असं मानणारी माणसं नाशकात अजून आहेत. पगार तेवढाच मिळत असणार त्यांना. पेढ्यांचा पुडा तुम्ही परत केलात, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि हो, साडूंकडे नवीन पत्रक आलंय, थायरॉइड महिन्यात बरा करणाऱ्याचं. शनिवारी घेऊन येतो. पेपरची यादी मी स्वतः काढलीय, पहिलं नाव कोणाचं तेही लिहिलंय. तुम्ही फक्त तपासून द्या.

आपला,
सातपूरचा एक बाप