सडबरीचं मैदान गेलं आणि संघही गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. नावं सहा शहरा-प्रदेशांची आणि मैदान मात्र सगळ्यांना मिळून एकच. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे गेली सतरा वर्षं इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला राहतो. कबड्डीत पकडी करत वाढलेल्या आपल्या पोरांना हा खेळ चांगला जमेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून या लीगचा आनंदच झाला. पण त्या बातम्या वाचताना आमच्या गावात डोळ्यांदेखत बंद पडलेला एक संघ सारखा आठवत राहिला. त्याची हकिगत आपल्याकडच्या खेळाडूंनी, पालकांनी आणि विशेषतः संघमालकांनी वाचावी, यासाठी हे पत्र.

संघाचं नाव वॉस्प्स, म्हणजे गांधीलमाशा. स्थापना १८६७ ची, उत्तर लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात. त्या काळी क्लबांना प्राण्यांची, किड्यांची नावं देण्याची टूम होती. १८७१ च्या जानेवारीत २१ क्लबांनी एकत्र येऊन इंग्लंडची रग्बी संघटना उभी केली, तेव्हा वॉस्प्सनाही बोलावणं होतं. पण त्यांचा माणूस भलत्याच ठिकाणी जाऊन बसला आणि संस्थापकांच्या यादीत क्लबचं नाव लागलंच नाही. हा किस्सा इथले जुने लोक आजही सांगतात.

१९२३ मध्ये क्लब लंडनच्या वायव्येला सडबरी इथे आला. पुढे ती जागा त्यांनी विकतच घेतली. पाऊणशे वर्षं तेच त्यांचं घर होतं. दिवसभर नोकरी करून खेळाडू संध्याकाळी सरावाला यायचे आणि सामना संपला की दोन्ही संघ एकाच छपराखाली बसायचे. १९९० मध्ये इंग्लंडची लीग जिंकली तेव्हाही खेळाडूंना पगार नव्हता.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये रग्बी युनियन, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंचा हा रग्बीचा प्रकार, व्यावसायिक झाला. पगार द्यायचे तर पैसा हवा. १९९६ मध्ये संगीत व्यवसायातले उद्योजक ख्रिस राइट यांनी क्वीन्स पार्क रेंजर्स हा फुटबॉल क्लब आणि वॉस्प्स एकाच कंपनीखाली आणले. संघ फुटबॉलच्या लॉफ्टस रोड स्टेडियमवर खेळू लागला. सडबरीची जागा पुढे विकली गेली. आज तिथे घरं उभी आहेत. संघ २०२२ मध्ये बुडाला असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो इथेच बुडायला लागला.

हे वाचून कुणी मला लगेच अडवेल, कारण त्यांचा सुवर्णकाळ त्यानंतरचाच आहे. २००२ मध्ये ते लंडनबाहेर हाय विकम गावातल्या ॲडम्स पार्कवर गेले, तेही दुसऱ्याच फुटबॉल क्लबचं मैदान. तिथे भाड्याने राहून त्यांनी २००३, २००४, २००५ आणि २००८ अशी चार वेळा लीग जिंकली, २००४ आणि २००७ मध्ये युरोपचा सर्वात मोठा चषक आणला. कर्णधार लॉरेन्स डलालिओ, प्रशिक्षक आधी वॉरन गॅटलंड आणि मग इयन मॅकगीकन. बचावाची आखणी शॉन एडवर्ड्सची: चेंडू हातात पडायच्या आत अख्खी रांग समोरच्याच्या अंगावर धावून जायची.

युरोपच्या चषकाची २००४ ची अंतिम लढत लंडनच्या ट्विकनम स्टेडियमवर फ्रान्सच्या तुलूझविरुद्ध झाली. गुण २०-२०, वेळ संपत आलेली. वॉस्प्सच्या रॉब हाउलीने बाजूच्या रेषेला धरून चेंडू पुढे लाथाडला. चेंडू घरंगळत गोलरेषेकडे निघाला. तुलूझचा क्लेमाँ पोत्रेनो त्याच्या डोक्यावर उभा, चेंडू रेषेपार गेला की हात ठेवून मोकळं व्हायचं म्हणून थांबलेला. रग्बीचा चेंडू लांबट, तो कसा उसळेल याचा भरवसा नाही. तेवढ्यात मागून धावत आलेल्या हाउलीने झेप घेऊन रेषेपार चेंडूवर हात टेकवला. ट्राय, म्हणजे रग्बीतला गोलच म्हणा! सामना २७-२०. मी ते चित्रफितीवरच पाहिलं आहे, पण किती वेळा पाहिलं त्याची गणती नाही.

म्हणजे मैदानावर काहीच उणं नव्हतं. उणं होतं ते हिशेबाच्या वहीत. ॲडम्स पार्कमध्ये जेमतेम दहा हजार माणसं मावत, आणि भाडेकरूला प्रेक्षकांच्या खाण्यापिण्यातून, हॉलच्या भाड्यातून मालकासारखं उत्पन्न मिळत नाही. खेळाडूंचे पगार मात्र युरोपजेत्या संघाला शोभतील असेच द्यावे लागतात. चषक येत राहिले आणि तोटा झाकला गेला. २०१२ मध्ये संघ खालच्या गटात जाता जाता वाचला, त्याच वर्षी दिवाळंही दारात येऊन परत गेलं.

मग ऋण काढून सण. २०१४ मध्ये नव्या मालकांनी कोव्हेंट्रीचं ३२ हजार आसनांचं रिको अरेना स्टेडियम विकत घेतलं आणि सुमारे ऐंशी मैलांवरून अख्खं बिऱ्हाड इकडे हलवलं. २१ डिसेंबरला पहिला सामना लंडन आयरिशशी झाला. प्रेक्षक २८,२५४, त्यांत मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा गळपट्टा तिने त्या दिवशी हट्टाने घेतला. संघ ४८-१६ ने जिंकला, आणि घरी येताना ती झोपली तरी गळपट्टा सोडला नव्हता.

पण माझ्या शेजारी राहणारे आजोबा त्या स्टेडियमात एकदाही आले नाहीत. ते कोव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबचे. स्टेडियम बांधलं गेलं त्या क्लबसाठी, आणि भाड्याच्या वादात त्याच क्लबला वर्षभर नॉर्थॅम्प्टनला जाऊन खेळावं लागलेलं. तो परत आला आणि महिन्याभरात स्टेडियम लंडनच्या रग्बी संघाने घेतल्याची बातमी आली. १८७४ पासून या गावाचा स्वतःचा रग्बी क्लब आहे, त्याच्या लोकांनाही हे पाहुणे रुचले नाहीत. तिकडे हाय विकम आणि लंडनचे जुने चाहते तुटले होतेच. वॉस्प्सना अखेर मैदान मिळालं, पण ज्या माणसांनी ते भरायचं ती त्यांची नव्हती. मी त्यांचा झालो, माझी मुलगी झाली, पण आमच्यासारखे पुरेसे नव्हते.

२०१५ मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले, व्याज साडेसहा टक्के, परतफेड मे २०२२ मध्ये. मध्ये करोना आला, स्टेडियम ओस पडलं. मे उजाडला तेव्हा पैसे नव्हते, आणि करखात्याची वीस लाख पौंडांची थकबाकी वेगळीच. १७ ऑक्टोबर २०२२ ला कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली, १६७ जणांच्या नोकऱ्या एका दिवसात गेल्या. खेळाडूंना दुसरे संघ शोधता तरी येतात. गवत राखणाऱ्यांनी आणि तिकीट खिडकीवरच्या बायकांनी काय करायचं? त्याच हंगामात वूस्टर वॉरियर्स आणि लंडन आयरिशही बुडाले. १३ संघांची लीग १० वर आली.

आता वॉस्प्सच्या नावाचे नवे मालक लंडनच्या आग्नेयेला केंटमध्ये, स्वॅनलीजवळ स्टेडियम बांधण्याच्या गोष्टी करत आहेत. म्हणजे पुन्हा नवं गाव.

आपल्याकडे नव्या लीगची बातमी येते तेव्हा लिलावात कुणाला किती मिळाले आणि मालक कोण, हे ठळक छापलं जातं. माझी विनंती आहे की आपल्या वार्ताहराने प्रत्येक मालकाला विचारावं, तुमच्या संघाचं मैदान कुठलं, आणि संध्याकाळी तिथे कुठल्या वस्तीतली पोरं सरावाला येतात? उत्तर येईल तेही छापावं, आणि आलं नाही तर तसंही छापावं.

जाता जाता एक राहिलं. व्यावसायिक संघ वेगळा झाला तेव्हा जुना हौशी क्लब, वॉस्प्स एफसी, मागे राहिला होता. तो लंडनमध्ये ॲक्टनला ट्वायफर्ड ॲव्हेन्यूच्या मैदानावर आजही खेळतो. गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन मी तिथे गेलो. पाऊस पडत होता. दोरीच्या कडेला शे-दीडशे माणसं छत्र्या घेऊन उभी, चिखलाने माखलेली पोरं स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या खांद्याला खांदा लावून चाललेल्या रेटारेटीत, घुसत होती. चहा विकणाऱ्या बाईंनी मुलीच्या गळ्यातला तो जुना गळपट्टा पाहिला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

आपला,
एक वाचक, कोव्हेंट्री (मूळ सातारा)