वेगामुळे बंद पडलेला खेळ

मा. संपादक,
स. न.

'जुनं तंत्रज्ञान उगाळत बसणाऱ्यांना मुळात बदलच नको असतो' अशा आशयाचं एक पत्र या सदरात वाचलं. मी त्या उगाळणाऱ्यांपैकीच. पेशाने हिशेबनीस, प्रोग्रामिंग रीतसर शिकलो नाही, रात्री जेवणं आटोपल्यावर नाद म्हणून करत आलो. तेव्हा थोडं उलट उत्तर देतो.

माझा नाद टर्बो पास्कलचा, म्हणजे जुन्या डॉस संगणकांवर पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायच्या साधनाचा. निळा पडदा, पिवळी अक्षरं. मुलीनं टायपिंग शिकावं म्हणून एक खेळ लिहिला होता: वरून अक्षरं पडतात, खाली टेकायच्या आत ते बटण दाबायचं. शे-दोनशे ओळींचा कारभार. पुढे घरात नवा पेंटियम आला. मोठ्या हौसेनं खेळ चालू केला, तर एकही अक्षर पडायच्या आत पडद्यावर 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार. माझ्या प्रोग्राममध्ये भागाकार नव्हताच हो!

तीन रात्री त्यात गेल्या. अक्षरं सावकाश पडावीत म्हणून 'डिले' ही थोडं थांबायला लावणारी आज्ञा वापरली होती. ती ज्या 'सीआरटी' युनिटमधून, म्हणजे टर्बो पास्कलसोबतच्या तयार आज्ञांच्या गठ्ठ्यातून यायची, ते युनिट सुरू होतानाच मशीनचा वेग मोजून घ्यायचं. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप (काहीच न करता नुसतं फिरणारं आवर्तन) किती वेळा फिरतं ते पाहायचं आणि त्या आकड्याला ५५ने भागायचं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे ६५,५३५पर्यंतच. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर ते उत्तर तिथे मावेना. आणि उत्तर मावलं नाही काय किंवा शून्याने भागलं काय, प्रोसेसर दोन्हीला एकच बोंब मारतो. थोडक्यात, मशीन फार पळायला लागलं म्हणून खेळ जागच्या जागी मेला. शेवटी ते युनिटच काढलं. बायोस, म्हणजे मशीनमध्ये मुळातच बसवलेला प्रोग्राम, सेकंदाला सुमारे १८ वेळा एक आकडा वाढवत असतं, तो वाचून स्वतःचं घड्याळ लिहिलं.

आठवण येते ती याची. यंत्र चांगलं होतं म्हणून नाही. चांगलं कसलं! एक पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) चुकला की अख्खं मशीन गोठायचं, म्हणून 'रन' करण्याआधी 'सेव्ह' ही सवय हाडात मुरली. कुठलाही अ‍ॅरे, म्हणजे एकसारख्या माहितीची रांग, ६४ केबीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. फ्लॉपी घरघरायला लागली की 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' यातलं काय निवडायचं यावर घरात चर्चा. पण हिशेबनिसानं तीन रात्री बसून यंत्राच्या तळाला हात लावावा, एवढंच ते खोल होतं. टर्बो पास्कलच्या तिसऱ्या आवृत्तीत एडिटर (लिहायची जागा) आणि कंपायलर (लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा) मिळून ४० केबीसुद्धा भरत नव्हते. आज एखादं फुटकळ चित्र त्याहून मोठं असतं.

आणि बदल नको म्हणाल, तर ज्या माणसाचा हा कंपायलर, त्या अँडर्स हाइल्सबर्ग यांच्याकडे पाहा. १९८३च्या टर्बो पास्कलनंतर त्यांनी डेल्फी हे प्रोग्रामिंगचं साधन केलं, सी शार्प ही भाषा केली, २०१२मध्ये टाइपस्क्रिप्ट ही आणखी एक आणली आणि २०२५मध्ये त्याच टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो या दुसऱ्यांच्या भाषेत नेत असल्याचं जाहीर केलं. पास्कलला कवटाळून बसलो ते आम्ही.

तेही किती दिवस? ६४ बिटांच्या विंडोजनं १६ बिटांचे प्रोग्राम चालवायचंच सोडलं. डॉसबॉक्स या जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये खेळ चालतो, पण ते काचेच्या कपाटातल्या भांड्यासारखं वाटतं. म्हणून गेल्या महिन्यात एका एआय मदतनिसाला सांगितलं, हे पायथॉन या आजच्या भाषेत करून दे. मिनिटभरात झालं. खाली टीप होती: 'वेळ मोजण्याचा जुना भाग आता अनावश्यक असल्याने काढला आहे.' बरोबरच आहे. माझ्या तीन रात्री एका ओळीत निकालात निघाल्या. जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

एवढं तरी झालं ते मी लिहिलेल्या मूळ पास्कल मजकुराची फाईल हाती होती म्हणून. खणातल्या चौदा फ्लॉप्यांपैकी पाच वाचता आल्या, त्यातल्या एकीवर ती होती. माझे बाकीचे दोन खेळ नुसत्या ईएक्सई, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेल्या रूपात उरलेत; डॉसबॉक्समध्ये ते धावतात, पण त्यात मी काय लिहिलं होतं ते मला आज वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असं काही पडून असेल त्यांनी साध्या मजकुराच्या फाइली आधी बाहेर काढाव्यात. चालू प्रोग्राम नंतर बघता येईल.

मुलगी आता स्वतः न बघता टाइप करते. नवा खेळ तिला दाखवला तर म्हणाली, "बाबा, अक्षरं फारच हळू पडतायत." वेग वाढवून दिला. आणि जुन्या फाइलीतली 'मशीन फार वेगवान, म्हणून स्वतःचं घड्याळ' ही महिरपी कंसातली टीप, मदतनिसानं गाळलेली, नव्या फाइलीत हॅशच्या चिन्हामागे मी हातानं परत टाइप केली. प्रोग्रामला तिचा काही उपयोग नाही.

आपला,
एक हौशी प्रोग्रामर