ताई, वाद चालू ठेवल्याबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवलं असतं, तर तू आभाराचा भाग वगळून थेट शेवटच्या परिच्छेदाला उत्तर दिलं असतंस. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे. शिवाय हे वाचणाऱ्यांत एखादं माणूस एकाच कानानं ऐकणारं असेल. तू मला जे दिलंस त्यातलं थोडं त्याच्याही उपयोगी पडेल.

वाचणाऱ्यांसाठी आधी आपला वाद सांगतो. १९८४ या एका वर्षातला सर्वांत चांगला अल्बम कोणता? माझं उत्तर प्रिन्सचा 'पर्पल रेन', तुझं ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न इन द यू.एस.ए.'. दोन्ही त्याच जूनमधले, तुझा ४ तारखेचा, माझा २५ तारखेचा. इतकी वर्षं आपण त्या तीन आठवड्यांवर भांडत आलो आहोत. मी आकडे काढायचो: 'पर्पल रेन' अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. तू म्हणायचीस, तुझ्या अल्बममधली सात गाणी पहिल्या दहांत गेली. मग मी त्यातलंच 'डान्सिंग इन द डार्क' काढायचो. ते दुसऱ्या क्रमांकावर अडलं, आणि शेवटी ते अडवून धरणारं गाणं 'पर्पल रेन'मधलं 'व्हेन डव्ज क्राय' होतं! यावर तू गप्प व्हायचीस आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. मग तू शांतपणे म्हणायचीस, "आकडे झाले. आता गाण्यांबद्दल बोलू या."

नियमही तुझेच होते. संकलनं चालणार नाहीत, म्हणून बॉब मार्लीचा 'लेजंड' बाहेर. तो १९८४चाच, पण मार्लीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि त्यातली गाणी आधीच्या अल्बममधली होती. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर'ही बाहेर, कारण तो ३० नोव्हेंबर १९८२चा. १९८४ उजाडलं तरी तो वरच बसून होता, हा भाग वेगळा. व्हॅन हेलन या बँडचा '१९८४' हा अल्बम त्याच्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या वर जाऊ शकला नाही, आणि 'थ्रिलर'मधल्या 'बीट इट'वरचा गिटार सोलो तर एडी व्हॅन हेलननंच वाजवलेला. हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी 'बीट इट' आणि '१९८४'मधलं 'जम्प' ही दोन्ही गाणी लागोपाठ लावली होती. एका माणसाची बोटं दोन्हीकडे ऐकू येतात का, ते मला पाहायचं होतं. 'जम्प'मध्ये तर त्यानं गिटार मागे ठेवून सिंथेसायझर पुढे आणला होता. तरी हात तोच, ओळखू येतो.

मग माझा डावा कान गेला.

एका सकाळी उठलो तेव्हा त्या बाजूला शांतता होती, आणि शांततेच्या आत एक बारीक शिटी. उपचार झाले, स्टिरॉइड झाली. शिटी राहिली, ऐकू येणं परतलं नाही. याबद्दल जास्त लिहीत नाही, तुला सगळं ठाऊक आहे. त्यानंतर मी पहिल्यांदा हेडफोन लावले तेव्हा काय झालं, ते मात्र तुलाही कधी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाठ असलेली गाणी अर्धवट वाजत होती. डाव्या बाजूला ठेवलेलं वाद्य नाहीसं, कोरसमधला एक आवाज नाहीसा. अनोळखी गाणं असतं तर काही वाटलं नसतं. पाठ असलेल्या गाण्यात नेमकं काय नाही ते कळतं, आणि तेच सहन होईना. मी हेडफोन खणात ठेवले आणि तुला कळवलं की आपला वाद तू जिंकलीस, १९८४ तुझं.

तू सांत्वन केलं नाहीस. आठवडाभर काहीच आलं नाही. मग तुझा चार पानी मजकूर आला. मथळा होता 'पर्पल रेन हाच १९८४चा सर्वश्रेष्ठ अल्बम का आहे'. ज्या अल्बमला तू इतकी वर्षं सिनेमाचा साउंडट्रॅक म्हणून हिणवलंस, त्याची बाजू घेऊन तू चार पानं लिहिली होतीस! वाचताना मला आधी बरं वाटलं आणि मग संताप आला, कारण तू ती बाजू फार वाईट मांडली होतीस. शीर्षकगीत बंद स्टुडिओत, एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून बनवलं असावं आणि त्याचा नीटनेटकेपणा हेच त्याचं बळ आहे, असं तू लिहिलं होतंस.

नीटनेटकेपणा! 'पर्पल रेन'चा!

रात्री दीड वाजता मी तुला उत्तर लिहायला बसलो. ते गाणं प्रिन्सनं ३ ऑगस्ट १९८३ला अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसच्या फर्स्ट ॲव्हेन्यू क्लबमध्ये लोकांसमोर वाजवलं होतं, एका नृत्यसंस्थेच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात. बाहेर रेकॉर्डिंगचा ट्रक उभा होता. गिटारवर वेंडी मेल्व्हॉइन होती, वय १९, प्रिन्सच्या बँडबरोबरचा तिचा तो पहिलाच कार्यक्रम. गाण्याच्या सुरुवातीचे ते कॉर्ड तिचे आहेत. समोरच्या लोकांनी ते गाणं त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. नंतर एक कडवं कापलं, तंतुवाद्यं वर चढवली, पण खालचा गाभा त्या रात्रीचाच आहे. 'आय वुड डाय फॉर यू' आणि 'बेबी आय ॲम अ स्टार' यांचाही. अल्बमच्या नऊ गाण्यांतली शेवटची तीन त्या एका रात्रीतून आली आहेत.

एवढं लिहून झालं आणि थांबलो. शेवटी लोकांचा आवाज नेमका कुठे वर येतो, ते खात्रीनं लिहायचं होतं. त्यासाठी गाणं लावावं लागलं. हेडफोन न घेता समोरच्या साध्या स्पीकरवर लावलं आणि उजवा कान त्याच्याकडे करून बसलो. आठ मिनिटं चाळीस सेकंद. कान गेल्यानंतर पुरं ऐकलेलं ते माझं पहिलं गाणं.

ती चूक तू मुद्दाम केली होतीस का, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. तुझ्याकडे त्या अल्बमचं कव्हर आहे, आणि ही माहिती तू माझ्याकडून निदान दहा वेळा तरी ऐकली होतीस, एवढंच नोंदवतो.

त्यानंतर तू कामाच्या गोष्टी पाठवायला लागलीस. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. ते चालू केलं की डावं-उजवं एकत्र होऊन दोन्हीकडे सारखंच येतं, वाद्यं हरवत नाहीत. हे मला ना डॉक्टरांनी सांगितलं होतं, ना मला स्वतःला सुचलं होतं. (एका कानानं ऐकणाऱ्यांनो, हे आजच करा.) दुसरी गोष्ट, खोलीत बसायची जागा: चांगला कान खोलीच्या आतल्या बाजूला, गेलेला कान भिंतीकडे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ब्रायन विल्सन. बीच बॉइजच्या या माणसाला उजव्या कानानं जवळपास ऐकूच येत नव्हतं. त्यानं 'पेट साउंड्स' हा अल्बम मोनोमध्ये मिक्स केला, आणि त्यात इतके आवाज एकमेकांत विणले की लोक आजही ते मोजत बसतात. तू त्यावर एकच ओळ लिहिली होतीस, "१९६६चा आहे म्हणून स्पर्धेत नाही, पण ऐक."

मोनोत ऐकायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. 'व्हेन डव्ज क्राय'मध्ये बेस नाही, हे मला कधीपासून माहीत होतं. प्रिन्सनं तो वाजवला होता आणि शेवटी काढून टाकला. नाचायला लावणाऱ्या गाण्यातून बेस काढणं म्हणजे घराखालचा पाया काढून घेण्यासारखं. मी ही माहिती वादात वापरायचो, तुला गप्प करायला. ती जागा कानांनी मात्र मी कधी तपासली नव्हती. आता तपासली. ड्रम मशीनच्या ठोक्यांखाली खरोखर काही नाही, आणि त्या रिकामेपणामुळे आवाज इतका जवळ येतो की अंगावर काटा येतो. माझ्यासाठी ते गाणं आता बदललं आहे. त्यातून काहीतरी काढलेलं आहे, आणि ते तसंच पुरं आहे.

तुझ्या अल्बमचंही कबूल करायला हवं. 'बॉर्न इन द यू.एस.ए.'चं शीर्षकगीत मी नेहमी आरडाओरडा म्हणून निकालात काढायचो. दोन कॉर्ड, एकच सिंथेसायझरची ओळ शेवटपर्यंत, आणि मुठी वळून म्हणायचं धृपद. तू दरवेळी म्हणायचीस, "कडवी ऐक." कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला सैनिक आहे, त्याला काम मिळत नाही, खे सानला लढलेला त्याचा भाऊ आता नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव आशेचा संदेश देणारा म्हणून घेतलं, आणि कितीतरी लोक ते गाणं आजही विजयगीत म्हणून लावतात. मीही धृपदापुढे गेलो नव्हतो. आता एका कानानं शब्द पकडायला जोर लावावा लागतो, म्हणून मी शब्द वाचत ऐकतो. पहिल्यांदाच कळलं की ती एकच ओळ शेवटपर्यंत का फिरत राहते: तो माणूस जिथे आहे तिथून हलूच शकत नाही. हे गाणं स्प्रिंगस्टीननं आधी 'नेब्रास्का' या अल्बमच्या वेळी एकट्यानं, साध्या गिटारवर रेकॉर्ड केलं होतं. तेही तू पाठवलंस. तिथे कुणाची गफलत होणं शक्य नाही.

मग तू वादाची कक्षाच वाढवलीस. 'पर्पल रेन' ज्या शहरातून आला त्याच मिनीॲपोलिसच्या परिसरातून त्याच वर्षी हस्कर डू या बँडचा 'झेन आर्केड' आणि रिप्लेसमेंट्स या बँडचा 'लेट इट बी' हे अल्बम आले. एका बाजूला रेशमी कपडे आणि धूर, दुसऱ्या बाजूला घाईघाईत रेकॉर्ड केलेली पंक गिटार. 'झेन आर्केड'ची दुहेरी तबकडी बघून मिनटमेन या कॅलिफोर्नियातल्या त्रिकुटानं आपलाही अल्बम दुहेरी केला आणि त्यात ४५ गाणी भरली. ही मंडळी तुझ्यामुळे माझ्या आयुष्यात आली. मला रन-डी.एम.सी. या रॅप गटाचा पहिला अल्बमही तेव्हाच नीट कळला. ड्रम मशीन आणि दोन आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. एका कानाला तो जराही कमी पडत नाही.

ग्रॅमीचा विषय मी काढणार नाही. 'पर्पल रेन', 'बॉर्न इन द यू.एस.ए.' आणि टीना टर्नरचा 'प्रायव्हेट डान्सर' हे तिन्ही नामांकनात असताना अल्बमचं पारितोषिक लायनेल रिचीच्या १९८३ मध्ये आलेल्या 'कान्ट स्लो डाउन'ला गेलं. यावर आपलं दोघांचंही मत एकच आहे, त्यामुळे बोलण्यात मजा नाही.

एका अल्बमबद्दल मात्र तुला वेगळं धन्यवाद द्यायचे आहेत. प्रिटेंडर्स या बँडचा 'लर्निंग टू क्रॉल', जानेवारी १९८४. मूळच्या चौघांतला गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट जून १९८२ मध्ये गेला, बँडमधून काढलेला बेसवादक पीट फार्नडन पुढच्या एप्रिलमध्ये. उरले क्रिसी हाइंड आणि ड्रमर मार्टिन चेंबर्स. त्यांनी नवी माणसं घेऊन अल्बम पुरा केला. 'बॅक ऑन द चेन गँग' हे गाणं जेम्स गेल्यावर काही आठवड्यांतच रेकॉर्ड झालं होतं. तू तो पाठवलास तेव्हा सोबत एक शब्दही लिहिला नव्हतास. एरवी तू किमान पानभर युक्तिवाद करतेस. मी त्या रात्री तो दोनदा ऐकला आणि सकाळी तुला एवढंच कळवलं की १९८४च्या माझ्या यादीत घेतला, क्रमांक पाच. तू लिहिलंस, "चार."

चार मान्य आहे, ताई. खणातले हेडफोन बाहेर आहेत, शिटी अजून वाजते, पण गाणं चालू असताना ती मागे राहते. दर रविवारी तुझं पत्र येतं आणि मला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं असतं. इतक्या दिवसांत तू एकदाही 'कसा आहेस' असं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी 'बरा आहे' म्हणून खण बंद ठेवला असता.

फक्त शाडेच्या 'डायमंड लाइफ'वर मी हटणार नाही. ब्रिटनमध्ये तो जुलै १९८४ मध्ये आला. अमेरिकेत पुढच्या वर्षी आला म्हणून तू तो १९८५ मध्ये ढकलतेस, "लोकांनी ऐकला ते वर्ष खरं" म्हणतेस. हाच न्याय लावला तर १९८४ मध्ये लोक सर्वांत जास्त 'थ्रिलर' ऐकत होते, आणि मग तुझा आणि माझा, दोन्ही अल्बम गेले. याचं उत्तर रविवारच्या आत पाठव.

तुझा,
धाकटा