शे स्टेडियमच्या आठवणी टिपताना

पुणे

प्रिय सुहास,

न्यू जर्सीतल्या जुन्या श्रोत्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. १९६५ साली जी मुलं पंधरा वर्षांची होती त्यांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नकोस. बीटल्सना, म्हणजे जॉन, पॉल, जॉर्ज आणि ड्रमवाला रिंगो या इंग्लंडच्या चौकडीला, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला काय विचारायचं आणि त्याने सांगितलेलं कसं ताडून पाहायचं, तेवढंच या पत्रात लिहितो.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. या आठवणींमधलं जे पाहिलेलं असतं ते बहुधा खरं निघतं. जे ऐकलेलं असतं त्यातलं बरंचसं नंतर भरलेलं असतं. यात कुणी खोटं बोलत नाही. त्या मैदानात ऐकू येण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

१५ ऑगस्ट १९६५ ची न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमची मैफल घे. प्रेक्षक ५५,६०० आणि मंच बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या बेसपाशी, म्हणजे सगळ्यात जवळचा प्रेक्षकही बराच लांब. गिटारचा आवाज वाढवायला व्हॉक्स कंपनीचे १०० वॅटचे अँप होते. सुरुवातीचे ३० वॅटचे होते, म्हणून हा आकडा मोठा वाटतो. पण वॅट तिपटीहून थोडे वाढले तरी आवाज साधारण ५ डेसिबलनेच वाढतो, आणि उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतो. म्हणजे नव्या अँपने जे कमावलं ते थोडं मागे सरकल्याबरोबर संपलं. गाण्याचा आवाज स्टेडियमच्या सार्वजनिक ध्वनिक्षेपकांवरून येत होता, आणि ती व्यवस्था मुळात खेळातल्या घोषणांसाठी. मंचावरून १०० मीटरवर आवाज पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून तोच शब्द मागेपुढे येऊन आदळला की व्यंजनं पुसली जातात. त्यावर किंकाळ्या. आपला कान ज्या उंच पट्टीला सगळ्यात तिखट असतो, किंचाळी नेमकी त्याच पट्टीत बसते आणि शब्द झाकून टाकते. खालून वर येत राहतो तो थोडा ड्रमचा ठोका. गायकांना स्वतःचा आवाज परत ऐकवणारे मंचावरचे स्पीकर तेव्हा नव्हते. पुढच्या तिघांच्या हालचाली बघून गाणं कुठवर आलं ते ओळखायचो, असं रिंगोनेच सांगितलं आहे. मंचावर ही गत, तर वरच्या मजल्यावर काय असेल!

म्हणून ‘कोणती गाणी ऐकलीत?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेव. आधी विचार: कसे गेलात, बरोबर कोण होतं, कुठल्या मजल्यावर बसलात, बीटल्सच्या आधी कोण गायलं, बीटल्सच्या अंगात काय कपडे होते. शेला १९६५ मध्ये फिकट खाकी रंगाची लष्करी धाटणीची जाकिटं होती आणि छातीवर वेल्स फार्गोचा बिल्ला, कारण मैदानापर्यंत ते त्या कंपनीच्या चिलखती गाडीतून आले होते. शेवटच्या ‘आय अ‍ॅम डाउन’ला जॉन गिटार सोडून ऑर्गनवर बसला आणि कोपराने पट्ट्या घासत सुटला. या दोन गोष्टी कुणी आपणहून सांगितल्या तर टिपून घे; पण दोन्ही त्या मैफलीवरच्या चित्रपटातही दिसतात, हे विसरू नकोस.

तो चित्रपट हीच मोठी अडचण आहे. मैफलीवरचा तो ५० मिनिटांचा कार्यक्रम ब्रिटनमध्ये मार्च १९६६ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी १९६७ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. मैदानावरचं ध्वनिमुद्रण इतकं अपुरं होतं की ५ जानेवारी १९६६ ला लंडनच्या स्टुडिओत बसून चौघांनी बरेच भाग पुन्हा वाजवले. ‘अ‍ॅक्ट नॅचरली’ला तर सरळ रेकॉर्डवरचाच आवाज जोडला आहे. तेव्हा ‘रिंगोचं गाणं अगदी स्वच्छ ऐकू आलं’ असं कुणी म्हणालं, तर ती आठवण मैदानावरची नाही, दिवाणखान्यातली आहे. उलट ‘शीज अ वूमन’ हे गाणं मैफलीत होतं पण चित्रपटात नाही. ते कुणी न विचारता सांगितलं तर त्या साक्षीचं वजन माझ्या लेखी एकदम वाढतं. मुलाखतीआधी चित्रपट दाखवायचा नाही, फोटोसुद्धा नाही. घरच्यांनी दाखवला असेल तर तशी नोंद कर.

आता वर्षाचा घोळ. ते शेला दोनदा वाजवून गेले. दुसरी खेप २३ ऑगस्ट १९६६ ची, तेव्हा हजारो जागा रिकाम्या होत्या. लोक दोन्ही एकत्र करतात. सोडवायला गाण्यांची यादी पुरते: १९६५ मध्ये सुरुवात ‘ट्विस्ट अँड शाउट’ने, मध्ये ‘हेल्प’, शेवट ‘आय अ‍ॅम डाउन’. १९६६ मध्ये सुरुवात ‘रॉक अँड रोल म्युझिक’, मध्ये ‘यस्टरडे’ आणि ‘पेपरबॅक रायटर’, शेवट ‘लाँग टॉल सॅली’. ‘शेला यस्टरडे ऐकलं आणि स्टेडियम खच्चून भरलं होतं’ असं म्हणणाऱ्याने दोन वर्षं एकत्र शिवली आहेत. आधी गाणारेही वेगळे: पहिल्या खेपेला किंग कर्टिस, ब्रेंडा हॉलोवे, साउंड्स इन्कॉर्पोरेटेड, दुसऱ्या खेपेला रॉनेट्स, बॉबी हेब, सर्कल, रिमेन्स. बीटल्स दोन तास वाजवत होते, असंही बरेच जण सांगतात. ते स्वतः जेमतेम अर्धा तास असत. बाकीचा वेळ या मंडळींचा.

बाहेरगावच्या साक्षींसाठी काही खुणा. ११ फेब्रुवारी १९६४ ला वॉशिंग्टनमध्ये मंच मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखा चहूबाजूंनी उघडा होता आणि ड्रमचा संच मध्येमध्ये फिरवावा लागत होता. तिथला माणूस ‘मला त्यांची पाठ दिसली’ म्हणाला तर ते अगदी बरोबर आहे. जून १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला रिंगो नव्हताच, आजारी होता. त्याच्या जागी जिमी निकल होता. आणि ‘सार्जंट पेपर’ या नंतरच्या अल्बममधलं एकही गाणं चौघांनी प्रेक्षकांपुढे कधी वाजवलं नाही. दौरे २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर संपले होते. त्या रात्रीच्या मुद्रणाची कॅसेटही ‘लाँग टॉल सॅली’च्या मध्येच संपते, कारण एका बाजूला अर्ध्या तासाचीच फीत होती.

तुझ्या ओळखीतले मराठी काका-काकू ‘आम्ही बीटल्स पाहिले’ म्हणतील, तिथे जरा हळुवारपणे विचार. चौघांची मैफल भारतात कधीच झाली नाही. मुंबईत जॉर्ज एकटा आला होता, १९६६ च्या सप्टेंबरात, रविशंकरांकडे सतार शिकायला. अमेरिकेतल्या मंडळींच्या बाबतीत मला जास्त शक्यता वाटते ती १ ऑगस्ट १९७१ च्या, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या बांगलादेशासाठीच्या मैफलीची. तोवर आपली बरीच माणसं तिकडे पोचली होती, आणि मंचावर जॉर्ज आणि रिंगो दोघे होते. खूण सोपी आहे: सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ, वाद्यं लावून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंडितजींनी हसून त्यांना सांगितलं की जुळवणीच एवढी आवडली तर वादन आणखी आवडेल. जॉर्जचं ‘हिअर कम्स द सन’ प्रत्यक्ष ऐकल्याचं कुणी सांगितलं तर ते त्या दिवसाचं धर. ही आठवण मला शेच्या आठवणीइतकीच मोलाची वाटते, फक्त तिच्यावर चिठ्ठी बरोबर चिकटव.

तिकिटाचा तुकडा असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढ. तारीख, विभाग, रांग, किंमत. शेची १९६५ ची तिकिटं ४.५० ते ५.६५ डॉलरची. रांग कळली की मंचापासूनचं अंतर काढता येतं, आणि अंतर कळलं की ऐकू येण्याबद्दलचं म्हणणं किती धरायचं तेही ठरतं. मुद्रण मध्ये थांबवू नकोस, कापू नकोस. चुकीचं निघालेलं वाक्यही पुसू नकोस, शेजारी आपली नोंद लिही. त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त तर मुळीच करू नकोस. एकदा माणूस बिचकला की पुढचं सगळं विचारून विचारून सांगतो.

पहिल्या दोन-तीन मुलाखती झाल्या की न कापलेल्या फायली पाठव. बसायची जागा आणि आधीचे गायक हे दोन प्रश्न कोणत्या क्रमाने विचारलेस तेही कळव.

तुझा,
मिलिंद