पाहुणे गेले, आभार राहिले

आमच्या सेवाकार्याला भेट द्यायला आलेली परदेशी पाहुण्यांची टीम परवा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परतली. शेवटचे दोन दिवस निभावले ते तुमच्यामुळे, आणि गडबडीत तुमची नावं विचारायचीच राहिली.

जांबोटीकडून खानापूरला येताना पावसात आमची गाडी तांबड्या चिखलात रुतली. शेतातून पाच-सहा जण धावत आले, डोक्यावरच्या खोळी बाजूला टाकून गाडी ढकलू लागले. एकानं घरून पोती आणून चाकाखाली घातली. पैसे पुढे केले तर म्हणाले, "पावण्यांची गाडी हाय, पैसं कसलं?" एका पाहुण्याची चप्पल अजून त्या चिखलातच असेल. सापडली तर ठेवून घ्या.

रविवारच्या उपासनेत ऐनवेळी दुभाष्याचा घसा बसला. इंग्रजीचं मराठी मी कसंबसं केलं. पण मागच्या बाकांवरच्या कन्नड मंडळींसाठी एक कॉलेजची मुलगी आपणहून उठली. माझ्या चुकाही तिनं कन्नडमध्ये सुधारून घेतल्या, हे मला नंतर कळलं! पोरी, तुझे विशेष आभार.

आणि कुंद्याच्या (बेळगावची खव्याची मिठाई) दुकानात रांगेत आम्हाला पुढे सोडणारे काका, विमान मिळालं. कुंदाही मिळाला.