पूर आधी मोरीतून येतो

संपादक महाशय, स. न. वि. वि.

मृग जवळ आला की बडोद्यात विश्वामित्रीची चर्चा सुरू होते. 2025 च्या उन्हाळ्यात नदी रुंद आणि खोल करण्याचे काम झाले, ते हवेच होते. पण सखल भागांतल्या जुन्या तीनमजली सोसायट्यांत पाणी गेटातून शिरण्याच्या कितीतरी आधी तळमजल्याच्या मोरीतून वर येते, आणि त्याचा बंदोबस्त नदीवर नव्हे, सोसायटीच्या शेवटच्या चेंबरात, म्हणजे सोसायटीची ड्रेनेज लाइन रस्त्यावरच्या लाइनीला मिळण्याआधीच्या हौद्यात, करायचा असतो.

नदीची धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये ती 35 फुटांच्या वर गेली. नदी एवढी फुगली की कांस (पावसाचे पाणी नदीकडे नेणारे नाले) तुंबतात, रस्त्यावरच्या मॅनहोलमधून पावसाचे पाणी ड्रेनेजच्या लाइनीत घुसते आणि दाबाखाली आलेली लाइन सर्वांत खालचे तोंड शोधते. ते तोंड म्हणजे तळमजल्याचा नहाणी ट्रॅप, नाहीतर संडासाचे भांडे.

म्हणून शेवटच्या चेंबरात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवावा. 110 किंवा 160 मिलिमीटर, पाइप असेल त्या मापाचा. त्यावरचा बाण रस्त्याच्या दिशेने आहे ना, हे कमिटीतल्या कोणीतरी उभे राहून पाहावे. बसवल्यावर चेंबर सिमेंटने लिंपून टाकण्याची आपल्याकडे हौस आहे. तसे करू नये. केस, चिंध्या, पॅड अडकले की झडप अर्धवट उघडी राहते आणि नेमकी पुराच्या रात्री मिटत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती साफ करावी लागते. आणि प्लंबर सहसा सांगत नाही ती गोष्ट: झडप मिटली की आपलेही पाणी बाहेर जात नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लश ओढला किंवा वॉशिंग मशीन लावले, तर ते पाणी तळमजल्यावरच्यांच्या घरात निघते. मग शिव्या महापालिकेला पडतात! म्हणून रस्त्यावर पाणी चढू लागताच पाण्याचा पंप बंद करायचा आणि वरच्यांनी नळ आवरायचे, हे आधीच सभेत ठरवून नोटीस बोर्डावर लावावे.

दुसरी जागा जमिनीखालचे टाके. पूर येणार म्हणून ते रिकामे करणारे पुष्कळ. उलट ते भरून ठेवावे. भोवतालची माती पाण्याने तुडुंब झाली की रिकाम्या टाक्यावर खालून दाब येतो. तळाला तडे जातात, प्लॅस्टिकचे टाके असेल तर ते सरळ वर उचलले जाते. झाकण पार्किंगच्या फरशीला समतल असेल तर भोवती विटांचा कठडा बांधून ते 2024 च्या पाण्याच्या खुणेहून वर न्यावे. ओव्हरफ्लोचा पाइप मात्र विसरू नका. झाकण कितीही उंच नेले तरी घाण पाणी त्या पाइपातून आत येते.

टाक्यात पुराचे पाणी गेलेच तर सगळे उपसून, गाळ काढून, भिंती घासून घ्याव्यात. आत उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीत. इंजिनाचा पंप आत उतरवला तर धुराने जीव जातो. मग टाके स्वच्छ पाण्याने भरून दर 1,000 लिटरला 150 ते 200 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून टाकावी, 24 तास ठेवून ते पाणी सोडून द्यावे आणि नंतर पुन्हा भरावे. डबा उघडून महिने झालेली पावडर निकामी असते. वास उग्र येत नसेल तर फेकून द्या. साफसफाईआधी गाड्यांखाली, जिन्याखाली बॅटरीने पाहून घ्यावे. पुराबरोबर विश्वामित्रीतली मगर आली असली तर तिला हुसकावू नये, लांब राहून वनविभागाला कळवावे.

जिन्याखालचे वीजमीटर वर घ्यायचे तर वीज कंपनीकडे अर्ज करूनच; आपला इलेक्ट्रिशियन सील तोडू शकत नाही. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड होताच वीज तोडणारे स्विच) हेअर ड्रायरने वाळवून पुन्हा वापरणे म्हणजे निव्वळ आत्मघात. ते बदलावेत आणि वायरिंगचे इन्सुलेशन मेगरने (ते मोजण्याच्या यंत्राने) तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. लिफ्ट आधीच वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवावी. रंगाची घाई नको: भिंत आतून वाळायला महिने लागतात, त्याआधी दिलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो.

रस्त्यांचे काय? जुना थर न खरवडता त्यावर नवे डांबर ओतले की दर वेळी रस्ता काही इंच चढतो. दोन-तीन वेळा असे झाले की सोसायटीचे आवार म्हणजे परात. मग रहिवासी गेटवर नऊ इंचांचा उंचवटा घालतात. तो रस्त्याचे पाणी अडवतो, पण आतले पावसाचे पाणीही अडवतो. उंचवटा घातलाच तर आतल्या बाजूला खड्डा आणि त्यात उपसा पंप हवा, त्याची वीज उंचावरून घेतलेली. नव्या डांबरीकरणाच्या प्रत्येक कामात आधी जुना थर खरवडण्याची अट असावी, आणि 2024 मध्ये पाणी कुठवर चढले होते ती खूण गल्लीगल्लीत विजेच्या खांबांवर रंगवावी, एवढी आमची मागणी आहे. कठडा किती उंच बांधायचा आणि मीटर किती वर न्यायचे, हे त्या खुणेशिवाय ठरत नाही.

— काही रहिवासी, मांजलपूर, बडोदा