एमसीबी माणसासाठी नसतो

महोदय,

पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आली की शेजारीपाजारी मला विचारतात, 'विजेनं ओढून घेतलं ना?' 31 वर्षं लाइनवर काढली म्हणून सांगतो, वीज कुणाला ओढत नाही. आपलीच मूठ सुटत नाही. बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा दांडगे. 15-20 मिलिअँपियर (म्हणजे अँपियरचे हजारावे भाग) करंट हातातून गेला की त्यांच्यापुढे मेंदूचं काही चालत नाही.

1989च्या आषाढात उसाच्या फडातल्या मोटारीच्या स्टार्टरला मी असाच चिकटलो. अनवाणी, पायाखाली चिखल. (लाइन बंद केल्याचं परमिट घेऊन खांबावर चढणारा माणूस पेटीपाशी गाफील राहिला, चूक माझीच.) ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना, छातीच आवळली होती. शेतकऱ्याच्या म्हातारीनं जळणातलं वाळकं लाकूड मनगटावर हाणलं. हाड मोडलं, मी सुटलो. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण मला हात लावायचा नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आता वयाच्या 68व्या वर्षी छातीत पेसमेकर आहे. हृदयाची स्वतःची ठिणगी मंदावली, म्हणून हे यंत्र दोन-तीन व्होल्टचा टोला देतं, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ. तेवढ्यावर मी रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येतो. आणि घरातल्या 230 व्होल्टचे 50-100 मिलिअँपियर छातीतून गेले, तर तेच हृदय ठोके सोडून नुसतं थरथरत राहतं.

मुलानं नवा फ्लॅट घेतला. बोर्डात एमसीबींची, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची रांग, पण गळणारा करंट पकडणारा आरसीसीबी नाही. वायरमन म्हणाला, 'काका, एमसीबी आहेत की!' अरे बाबा, 16 अँपियरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस त्याच्या दीडशेव्या हिश्श्यात संपतो, एमसीबीला पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजच्या तारेतून गेलेला करंट न्यूट्रलच्या तारेतून परत येतो का ते बघतो. 30 मिलिअँपियरची तूट दिसली, म्हणजे तेवढा करंट माणसातून किंवा कुठून तरी जमिनीत चालला, की पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. छतातल्या रंगीत दिव्यांना पैसे होते, याला नव्हते.

शेवटी मीच आणून बसवून घेतला. दर एक तारखेला त्याचं टेस्टचं बटण दाबतो. वायफाय जातं म्हणून नातू ओरडतो.

– एक निवृत्त लाइनमन, कराड